८ डिसेंबर : पाणबुडीवाल्यांचा दिवस

स्वारगेटला राहणाऱ्या माझ्यासारख्याला समुद्र भेटतो तो एसटीच्या पाटीवर : अलिबाग, रत्नागिरी, मुंबई. तरी पुणे जिल्ह्याचे नौदलाशी जुने नाते आहे. जहाजांची इंजिने सांभाळणारे नौसैनिक १९४५ पासून लोणावळ्याच्या ‘आयएनएस शिवाजी’त शिकत आले आहेत.

४ डिसेंबरचा नौदल दिन आपल्याला ठाऊक असतो. १९७१ मध्ये त्या रात्री कराचीवर हल्ला झाला. चार दिवसांनी पाणबुडीवाले, निवृत्त मंडळीसुद्धा, आपला दिवस पाळतात. हा विजयदिन नव्हे, वाढदिवस आहे. ८ डिसेंबर १९६७ रोजी सोव्हिएत संघातील रीगा येथे आपली पहिली पाणबुडी ‘कलवरी’ नौदलात दाखल झाली.

या दिवशी मला ‘सिंधुरक्षक’ आठवते. १४ ऑगस्ट २०१३ रोजी मध्यरात्र उलटल्यावर मुंबईच्या नौदल गोदीत तिच्यात स्फोट झाले. १८ जण गेले. दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्यदिन होता. युद्ध नव्हते, समोर शत्रू नव्हता. म्हणून अशा मृत्यूंना आपल्या वीरकथांत जागा सापडत नाही.

नौदल मात्र नावे जपते. जुनी ‘कलवरी’ १९९६ मध्ये निवृत्त झाली. माझगाव गोदीत बांधलेल्या नव्या पाणबुडीने २०१७ मध्ये तेच नाव घेतले. १० मार्च २०२१ रोजी मुंबईत नवी ‘करंज’ दाखल झाली, तेव्हा प्रमुख पाहुणे होते माजी नौदलप्रमुख ॲडमिरल शेखावत. १९७१ च्या युद्धात जुन्या ‘करंज’चे नेतृत्व त्यांनीच केले होते.

दिसू नये, हेच पाणबुडीचे काम. तिच्यावरची माणसे विस्मरणात जाऊ नयेत, हे काम किनाऱ्यावरच्या आपले.