शोधयंत्र अनुकूलन (मराठी संकेतस्थळे)

शोधयंत्र अनुकूलन, अर्थात सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन किंवा संक्षेपाने एसईओ, म्हणजे एखादे संकेतस्थळ शोधयंत्रांना सहज वाचता, समजता आणि योग्य वाचकापुढे ठेवता यावे यासाठी त्याच्या मजकुरात, रचनेत व तांत्रिक मांडणीत केलेल्या सुधारणा होत. जाहिरातीसाठी पैसे देऊन मिळवलेली जागा या संज्ञेत येत नाही. मराठी संकेतस्थळांपुढे सर्वसाधारण प्रश्नांबरोबरच लिपीचे संकेतन, शब्दांची विभक्तिरूपे, रोमन लिपीतून होणारा शोध आणि स्थळनावांची विविध लेखने असे काही वेगळे प्रश्नही असतात. हे प्रश्न सुटलेले नसतील, तर अन्य उपायांचा फारसा उपयोग होत नाही.

कार्यपद्धती

शोधयंत्राचे काम तीन टप्प्यांत चालते. पहिल्या टप्प्यात क्रॉलर नावाचे प्रोग्रॅम एका पानावरील दुव्यांवरून दुसऱ्या पानाकडे जात महाजालावरील पाने गोळा करतात. दुसऱ्या टप्प्यात पानावरील मजकूर, शीर्षके, चित्रे व दुवे यांचे विश्लेषण होऊन त्यांची नोंद अनुक्रमणिकेत होते. तिसऱ्या टप्प्यात वापरकर्त्याने टाकलेल्या शब्दांशी जुळणारी पाने या अनुक्रमणिकेतून निवडली जातात व त्यांची क्रमवारी लावली जाते.

संकेतस्थळ शोधात दिसत नसेल, तर ते यांपैकी कोणत्या टप्प्यावर अडले आहे हे आधी ठरवावे लागते. जे पान अनुक्रमणिकेतच नाही, त्याची क्रमवारी सुधारण्याचा प्रश्न उद्भवत नाही. शोधचौकटीत 'साइट' हा आदेश, अपूर्णविराम आणि संकेतस्थळाचा पत्ता रोमन लिपीत टाकल्यास त्या स्थळाची नोंदली गेलेली पाने दिसतात. गूगलच्या सर्च कन्सोल या मोफत साधनात प्रत्येक पानाची स्थिती आणि वगळले गेले असल्यास त्याचे कारण कळते. संकेतस्थळ तयार होत असताना लावलेली 'नोइंडेक्स' ही सूचना नंतर काढायची राहून जाणे हे पाने न दिसण्याचे एक नेहमीचे कारण आहे.

इतिहास

क्रॉलरने कोणत्या पानांकडे जाऊ नये हे सांगणाऱ्या 'रोबॉट्स' फाइलचा संकेत १९९४ मध्ये रूढ झाला. आरंभीची शोधयंत्रे पानावरील शब्दांवर आणि संकेतस्थळ चालकाने स्वतः दिलेल्या शोधशब्दांवर मुख्यतः विसंबून असत. त्यामुळे तेच तेच शब्द पानात भरून क्रमांक वर नेणे सोपे होते. १९९८ मध्ये लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात मांडलेल्या पेजरँक पद्धतीत एखाद्या पानाकडे येणारे दुवे हे त्या पानाच्या महत्त्वाचे निदर्शक मानले गेले. त्यानंतर दुव्यांची खरेदी-विक्री सुरू झाली.

गूगलने फेब्रुवारी २०११ मध्ये 'पांडा' हा बदल करून निकृष्ट मजकुराला, तर एप्रिल २०१२ मध्ये 'पेंग्विन' हा बदल करून कृत्रिम दुव्यांना आळा घातला. मोबाइलवर नीट दिसणाऱ्या पानांना एप्रिल २०१५ पासून मोबाइलवरील शोधात प्राधान्य मिळू लागले. वाक्यातील शब्दांचा परस्परसंबंध ओळखणारी 'बर्ट' ही पद्धत ऑक्टोबर २०१९ मध्ये इंग्रजी शोधासाठी जाहीर झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये ती मराठीसह ७० हून अधिक भाषांना लागू झाली.

मराठीतील विशेष प्रश्न

लिपीचे संकेतन

देवनागरीला १९९१ पासून युनिकोडमध्ये स्थान आहे. तरीही मराठी मुद्रणव्यवहार त्यानंतर दीर्घकाळ युनिकोडपूर्व फॉन्टवर चालला. अशा फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी अक्षर दिसत असले, तरी संगणकाच्या दृष्टीने ते रोमन अक्षर किंवा चिन्ह असते. असा मजकूर संकेतस्थळावर तसाच चढवल्यास शोधयंत्राला त्यात मराठी शब्द सापडत नाही. याची परीक्षा सोपी आहे. पानावरील ओळ निवडून साध्या मजकुराच्या खिडकीत चिकटवावी. तेथे अर्थहीन रोमन अक्षरे उमटली, तर मजकूर युनिकोडमध्ये नाही असे समजावे. जुने अंक, स्मरणिका व परिपत्रके पीडीएफ स्वरूपात उपलब्ध असूनही शोधात न सापडण्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

युनिकोडमध्येही दिसायला सारखी पण संकेतनात वेगळी अशी काही रूपे आहेत. 'ॲ' या अक्षराला स्वतंत्र क्रमांक २००८ मध्ये, युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत मिळाला. त्यापूर्वी ते 'अ' आणि अर्धचंद्र जोडून लिहिले जाई व आजही काही कळफलकांवर तसेच उमटते. 'दुसऱ्या', 'पुऱ्या' अशा शब्दांतील अर्धा 'र' देखील दोन प्रकारे टंकित होतो. मोठी शोधयंत्रे असे भेद बऱ्याच अंशी सामावून घेतात, परंतु संकेतस्थळाच्या स्वतःच्या अंतर्गत शोधसोयीत ते अडचणीचे ठरू शकतात. संपूर्ण संकेतस्थळावर एकच पद्धत पाळणे हा त्यावरील साधा उपाय आहे.

मजकुराऐवजी केवळ चित्र चढवणे ही आणखी एक अडचण होय. दरपत्रक, वेळापत्रक किंवा हस्तपत्रिका यांचे छायाचित्रच पानावर असेल, तर त्यातील शब्द शोधयंत्र वाचेलच असा भरवसा नसतो. तोच तपशील पानावर टंकित मजकुरात देणे आणि चित्राला वर्णनपर पर्यायी मजकूर जोडणे आवश्यक ठरते.

शब्दरूपे व शब्दनिवड

मराठीत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये नामाला जोडून लिहिली जातात आणि त्यापूर्वी नामाचे सामान्यरूप होते. 'डबा' या शब्दाची 'डबे', 'डब्याची', 'डब्यासाठी' अशी रूपे बनतात. शोधणारा मात्र बहुधा 'घरगुती डबा' असे मूळ रूपच टाकतो. पानाच्या शीर्षकात व पहिल्या परिच्छेदात मूळ रूप एकदा तरी स्वाभाविकपणे आले, तर जुळणी सोपी होते. प्रत्येक रूपासाठी वेगळे पान तयार करण्याची गरज नसते.

शब्दनिवडीचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. संस्था स्वतःच्या सेवेला 'भोजन व्यवस्था' म्हणत असेल आणि लोक 'डबा', 'टिफिन' किंवा 'मेस' शोधत असतील, तर लोकांचे शब्द पानावर असावे लागतात. कोणते शब्द टाकून वाचक आले, याची सूची सर्च कन्सोलमध्ये मिळते.

भाषा आणि पत्ता

हिंदी, मराठी, कोकणी व नेपाळी या भाषा देवनागरी वापरत असल्याने केवळ लिपीवरून भाषा निश्चित होत नाही. पानाची भाषा दृश्य मजकुरावरून ओळखली जाते, संकेतलिपीतील भाषा दर्शवणाऱ्या खुणेवरून नव्हे, असे गूगलचे मार्गदर्शन आहे. म्हणून ज्या पानावर मराठीच्या दोन ओळी आणि उरलेली सारी बटणे व सूची इंग्रजीत आहे, त्याची ओळख धूसर राहते. ती खूण ब्राउझर व दृष्टिहीनांसाठीची वाचनसाधने यांना मात्र उपयुक्त असते. मजकूर दोन भाषांत असेल, तर प्रत्येक भाषेचे पान वेगळ्या पत्त्यावर ठेवून त्यांचा परस्परसंबंध 'एचरेफलँग' या खुणेने दाखवतात.

देवनागरीतील '.भारत' हे क्षेत्रनाम २०१४ पासून उपलब्ध आहे. पानांचे पत्तेही देवनागरीत ठेवता येतात, मात्र ते अन्यत्र चिकटवल्यावर टक्केचिन्हांची लांबलचक साखळी होऊन बसतात.

स्थानिक शोध : चारकोपचे उदाहरण

दवाखाना, शिकवणी, दुरुस्तीकाम, खाद्यपदार्थ अशा सेवांचा शोध बहुधा परिसराच्या नावासह किंवा वापरकर्त्याच्या ठिकाणावरून होतो. अशा शोधासाठी गूगलने तीन मुख्य निकष सांगितले आहेत : शोधाशी सुसंगती, शोधणाऱ्यापासूनचे अंतर आणि व्यवसायाची ख्याती. यांपैकी अंतर व्यावसायिकाच्या हाती नसते.

मुंबई उपनगरातील कांदिवली पश्चिमेचा चारकोप हा भाग या प्रश्नांचे बोलके उदाहरण आहे. म्हाडाने १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या भूखंड व सेवा योजनेतून येथील वसाहत उभी राहिली. त्यामुळे पत्त्यात सेक्टर क्रमांक, भूखंड क्रमांक व सहकारी गृहनिर्माण संस्थेचे नाव असे घटक येतात. 'सेक्टर ५' एवढाच उल्लेख अपुरा ठरतो, कारण नवी मुंबईतील वाशी, ऐरोली, खारघर येथेही सेक्टर आहेत. शिवाय कांदिवलीचे रोमन लेखन 'व' नंतर स्वर घालून आणि न घालता, अशा दोन्ही प्रकारे प्रचलित आहे. संकेतस्थळ, नकाशावरील नोंद आणि व्यवसायसूची यांत नाव, पत्ता, दूरध्वनी क्रमांक व ४०००६७ हा पिनकोड एकाच पद्धतीने लिहिल्यास या नोंदी एकाच व्यवसायाच्या आहेत हे ओळखणे सोपे जाते.

एकाच नावामागे अनेक हेतू असू शकतात. 'चारकोप' असे टाकणाऱ्याला वसाहत, २००९ पासून निवडणूक होत असलेला विधानसभा मतदारसंघ किंवा मेट्रोचे आगार यांपैकी काहीही हवे असू शकते. मेट्रो मार्ग २ची मूळ आखणी 'चारकोप–वांद्रे–मानखुर्द' या नावाने ओळखली जात असली, तरी दहिसर पूर्व ते अंधेरी पश्चिम या आजच्या मार्ग २अ वर चारकोप नावाचे स्थानक नाही. परिसरात येणाऱ्यांना डहाणूकरवाडी, कांदिवली पश्चिम ही स्थानके वापरावी लागतात. म्हणून 'चारकोप मेट्रो स्थानक' असे शोधणाऱ्याला नेमके स्थानक व तेथून येण्याचा मार्ग सांगणारे पान त्याच्या प्रश्नाचे उत्तर देते. परिसराचे नाव वीस वेळा लिहिलेले पान ते देत नाही.

घरून व्यवसाय करणाऱ्यांना गूगल बिझनेस प्रोफाइल या मोफत नोंदीत घराचा पत्ता न दाखवता केवळ सेवाक्षेत्र दाखवता येते. व्यवसायाच्या नावाला 'चारकोपमधील सर्वोत्तम' अशी बिरुदे जोडणे मात्र नियमबाह्य असून त्यामुळे नोंद स्थगित होऊ शकते.

नेहमीचे प्रश्न

पहिल्या क्रमांकाची हमी देता येते का?

येत नाही. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगलने आपल्या मार्गदर्शिकेत नमूद केले आहे. अशी हमी देणारे पुष्कळदा कोणीही न शोधणारा शब्द निवडून त्यावरील क्रमांक दाखवतात किंवा जाहिरातीची जागा दाखवतात.

जाहिरात दिल्याने क्रमांक सुधारतो का?

नाही. जाहिराती व नैसर्गिक निकाल यांची व्यवस्था वेगळी आहे. जाहिरात थांबली की तिची जागाही जाते.

परिणाम किती काळात दिसतो?

सुधारणा सुरू केल्यापासून लाभ दिसेपर्यंत बहुतेक वेळा चार महिने ते एक वर्ष लागते, असे गूगलने २०१७ मध्ये सांगितले होते. अनुक्रमणिकेत नोंद होण्यास त्यापेक्षा बराच कमी काळ लागतो.

स्वतःच्या फोनवर पान पहिले दिसते, इतरांना का दिसत नाही?

निकाल ठिकाणानुसार व काही प्रमाणात पूर्वीच्या शोधांनुसार बदलतात. चारकोपमध्ये उभे राहून पाहिलेला क्रम मुलुंड किंवा घाटकोपर येथे तसाच राहत नाही. म्हणून सर्च कन्सोलमधील सरासरी स्थान हे अधिक विश्वसनीय मानले जाते.

शोधशब्दांची मेटा यादी द्यावी का?

ही यादी क्रमवारीसाठी वापरत नसल्याचे गूगलने सप्टेंबर २००९ मध्ये स्पष्ट केले. पानाचे शीर्षक मात्र महत्त्वाचे असते. प्रत्येक पानाला वेगळे, नेमके शीर्षक असावे.

पानाचा वेग किती असावा?

मुख्य मजकूर २.५ सेकंदांत दिसावा, वापरकर्त्याच्या कृतीला २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा आणि मांडणी वाचताना सरकू नये, ही गूगलची अपेक्षा आहे. वेग हा पूरक निकष आहे. उपयुक्त मजकुराची उणीव त्याने भरून निघत नाही.

यांत्रिक अनुवाद किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेला मजकूर चालतो का?

साधन कोणते वापरले यापेक्षा वाचकाला उपयोग होतो का, हे पाहिले जाते. केवळ क्रमवारीसाठी मोठ्या प्रमाणावर निर्माण केलेली निरुपयोगी पाने मार्च २०२४ च्या धोरणानुसार गैरप्रकारात मोडतात, मग ती माणसाने लिहिलेली असोत वा यंत्राने.

गैरप्रकार

लपवलेला मजकूर, शोधशब्दांची भरताड, क्रॉलरला एक व वाचकाला दुसरे पान दाखवणे, दुव्यांची खरेदी-विक्री हे मान्य नसलेले मार्ग आहेत. यांमुळे संकेतस्थळाचा क्रम घसरू शकतो किंवा ते निकालांतून पूर्णपणे वगळलेही जाऊ शकते. सेवा पुरवणाऱ्या व्यक्तीने असे मार्ग वापरले, तरी नुकसान संकेतस्थळाच्या मालकाचे होते. त्यामुळे क्षेत्रनाम, सर्च कन्सोल व बिझनेस प्रोफाइल यांची मालकी स्वतःच्या खात्यावर ठेवणे आणि केलेल्या प्रत्येक बदलाची लेखी नोंद मागणे हे लहान व्यावसायिकांच्या हिताचे असते.

सवलत किंवा भेट देऊन ग्राहकांकडून अभिप्राय मिळवणे हेही गूगलच्या नियमांविरुद्ध आहे. भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन ग्राहक अभिप्रायांसाठी 'आयएस १९००० : २०२२' हे मानक प्रसिद्ध केले आहे.

नियमन

क्रमवारी लावणारी कंपनी स्वतःच अन्य सेवाही चालवत असेल, तर निष्पक्षतेचा प्रश्न निर्माण होतो. भारतीय स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये शोधनिकालांतील पक्षपाताबद्दल गूगलला १३५.८६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मॅट्रिमनी डॉट कॉम ही कंपनी आणि कन्झ्युमर युनिटी अँड ट्रस्ट सोसायटी ही संस्था यांच्या तक्रारींवरून हे प्रकरण उभे राहिले होते.

हे सुद्धा पहा

युनिकोड
देवनागरी
संकेतस्थळ
भारतीय स्पर्धा आयोग
चारकोप