पोन्सेपर्यंत चालत गेलेला विनोदवीर

मॅरेथॉन पळून कॅन्सर रुग्णालयासाठी पैसे उभे करण्याची प्रथा कुणी सुरू केली, असं विचारलं की बहुतेकांच्या तोंडी कॅनडाच्या टेरी फॉक्सचं नाव येतं. त्याचा मान वादातीत आहे. पण त्याच्या 1980च्या धावेच्या 27 वर्षं आधी, 1953 साली, पोर्तो रिको बेटावरचा एक विनोदी नट उत्तर किनाऱ्यावरच्या सान हुआनहून दक्षिणेच्या पोन्सेपर्यंत पायी गेला होता. अंतर 80 मैल, म्हणजे जवळपास 130 किलोमीटर, आणि मध्ये बेटाची डोंगररांग आडवी. या चालीतून 85 हजार डॉलर जमले. ते गेले तिथल्या कर्करोगविरोधी लीगला. सान हुआनमधलं कर्करोग रुग्णालय चालवणारी संस्था ती हीच.

नटाचं नाव रामोन रिव्हेरो. बेट त्याला ओळखायचं ते 'दिप्लो' म्हणून. चेहरा काळा रंगवून तो दिप्लोची भूमिका करायचा. तो प्रकार आज खटकतो आणि खटकायलाच हवा. पण रेडिओमुळे त्याचा आवाज घराघरांत पोचला होता, आणि असा माणूस रस्त्याने चालत येतोय म्हटल्यावर लोक घरात थोडेच बसणार?

एका विनोदी नटाला ही कल्पना सुचली कुठून? याचा धागा बहुधा न्यूयॉर्कला जातो. 1946च्या डिसेंबरात लेखक डेमन रनयन घशाच्या कर्करोगाने गेला. त्याचा मित्र, पत्रकार वॉल्टर विंचेल याने त्याच्या नावाने कर्करोग निधी काढला. 1949च्या एप्रिलमध्ये मिल्टन बर्ल या निधीसाठी सलग 16 तास टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर उभा राहिला आणि प्रेक्षकांनी 11 लाख डॉलर दिले. पहिला टेलिथॉन म्हणून तोच कार्यक्रम ओळखला जातो. बर्लही विनोदी नटच.

चार वर्षांच्या अंतराने दोन विनोदी नट एकाच रोगासाठी स्वतःला जाहीरपणे दमवतात, हा निव्वळ योगायोग मानणं कठीण आहे. पोर्तो रिको अमेरिकेच्याच ताब्यातलं बेट. न्यूयॉर्कमध्ये गाजलेली गोष्ट तिथल्या रेडिओवरच्या कलावंताच्या कानावर गेली नसेल, हे संभवत नाही. दिप्लोची अडचण वेगळी होती. बेटावर टीव्ही आला 1954 साली. म्हणजे 1953मध्ये लोकांना पडद्यासमोर बसवून ठेवण्याची सोयच नव्हती. त्यांना रस्त्यावर आणायचं तर आपणच त्यांच्या दारावरून जायला हवं. दिप्लोची पदयात्रा म्हणजे टीव्ही नसलेल्या बेटावरचा टेलिथॉनच होता.

या तर्काला प्रतिस्पर्धी आहेत. 1920-30च्या दशकांतल्या अमेरिकी नृत्य-मॅरेथॉनकडे बोट दाखवता येईल. तिथे जोडपी दिवसच्या दिवस पाय हलते ठेवायची आणि लोक तिकीट काढून बघायचे. दमणाऱ्या माणसाभोवती गर्दी जमते, हे त्यातून सिद्ध झालं खरं. पण ती जोडपी नाचायची स्वतःच्या बक्षिसासाठी आणि मंदीच्या काळात दोन वेळच्या जेवणासाठी. परक्याच्या दुखण्याशी त्यांचा संबंध नव्हता.

मराठी वाचकाला विनोबांची आठवण होईल, आणि ती रास्तच आहे. रायगडमधल्या गागोद्यात जन्मलेल्या या माणसाला 1951च्या एप्रिलमध्ये पोचमपल्लीत पहिलं भूदान मिळालं, म्हणजे दिप्लोच्या दोन वर्षं आधी. चालत जाऊन दुसऱ्यासाठी मागायचं, हे दोघांतही आहे. तरी वंश वेगळा. विनोबा किती चालले यावर दान ठरत नव्हतं. ते गावात थांबून जमीनवाल्यांची समजूत घालत. दिप्लोच्या बाबतीत ते 80 मैल हेच मागणं होतं.

मॅरेथॉनचा स्वतःचा इतिहास, म्हणजे ग्रीक दूत, 1896चं ऑलिंपिक, 42.195 किलोमीटर, हे सगळं परिचित आहे आणि त्यात निधीचा मागमूस नाही. दिप्लोनंतरचा टप्पा कॅनडातला. तिथे 1967 साली 'माइल्स फॉर मिलियन्स' नावाच्या निधी-पदयात्रा सुरू झाल्या. चालणारा आधीच घरोघर जाऊन मैलामागे अमुक पैसे असं कबूल करून घ्यायचा. टेरी फॉक्स तेव्हा नऊ वर्षांचा होता. तो याच वातावरणात वाढला.

1977मध्ये हाडाच्या कर्करोगामुळे त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री त्याच्या प्रशिक्षकाने त्याला एक लेख वाचायला दिला. कृत्रिम पायावर 1976ची न्यूयॉर्क मॅरेथॉन पूर्ण केलेल्या डिक ट्रॉमबद्दलचा. तीन वर्षांनी, 12 एप्रिल 1980 रोजी, टेरी कॅनडातल्या सेंट जॉन्सहून धावत निघाला. धडधाकट पायावर दोन उड्या, मग कृत्रिम पायाचं एक पाऊल, अशी ती चाल होती. दुसरी उडी लागायची, कारण कृत्रिम पाय पुढे यायला तेवढा वेळ हवा असायचा. असं रोज जवळपास एक मॅरेथॉन. 143 दिवसांत 5,373 किलोमीटर झाले आणि थंडर बेजवळ तो थांबला. रोग फुप्फुसांत पोचला होता. प्रत्येक कॅनेडियनकडून एक डॉलर, एवढंच त्याचं मागणं होतं. देशाची लोकसंख्या तेव्हा सुमारे 2 कोटी 40 लाख होती. फेब्रुवारी 1981पर्यंत 2 कोटी 41 लाख डॉलर जमले. त्याच वर्षी जूनमध्ये, वयाच्या 22व्या वर्षी तो गेला.

टेरीने दिप्लोचं नाव ऐकलं असेल असं वाटत नाही. पण एकटा माणूस, लांबचा रस्ता आणि कडेला पैसे घेऊन उभी असलेली माणसं, ही रचना दिप्लोचीच आहे.

आज जी पद्धत दिसते, ती मात्र 1988ची. ल्युकेमिया झालेल्या मुलीच्या वडिलांनी 38 धावपटूंचा चमू न्यूयॉर्क मॅरेथॉनला उतरवला. प्रत्येकाने आपापल्या ओळखीपाळखीतून पैसे मागितले आणि 3 लाख 22 हजार डॉलर उभे राहिले. 2004पासून होणारी मुंबई मॅरेथॉन याच वाटेने चालते. कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनसारख्या संस्थांसाठी त्यात निधी उभा राहतो. तिथल्या 'ड्रीम रन'मध्ये वेषांतर करून, फलक नाचवत जाणाऱ्यांना गंभीर धावपटू नाकं मुरडतात, पण या प्रथेच्या उगमाला तेच जास्त जवळचे आहेत. जानेवारीत ओळखीच्या कुणी धावपटूने देणगीसाठी निरोप पाठवला, तर संस्थेचं नाव नीट बघून घ्या आणि पैसे शर्यतीच्या आधीच पाठवा.