पाटी आणि पटाशी

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला आणि १८५७ साली त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली. हा कोश सावकाश चाळणाऱ्या वाचकाला त्यात सुतार, लोहार, विणकर, खलाशी यांची एक वेगळी मराठी भेटते. रंधा, पटाशी, वाकस, गुण्या ही हत्यारांची नावे. लाकडाला लाकूड जोडताना एका टोकाला काढायचे कुसू आणि दुसऱ्यात कोरायचे साल. गलबताची नाळ, डोलकाठी, परबाण. कोशकारांनी ही शब्दसंपत्ती कष्टाने गोळा केली. त्यानंतरच्या दीडशे वर्षांच्या मराठी गद्यात मात्र ती किती उतरली, हे आपण प्रामाणिकपणे तपासले तर उत्तर फारसे सुखावह येत नाही. लिहिणाऱ्याच्या हाती पटाशी नव्हती आणि पटाशी धरणाऱ्याच्या हाती लेखणी नव्हती. हाताने करावयाच्या कामाचे शिक्षण माध्यमिक शाळेत आणण्याचे जे प्रयत्न आपल्याकडे झाले, त्यांचा इतिहास या फाळणीपासून वेगळा काढता येत नाही. हा इतिहास रत्नागिरीच्या बाजूने पाहिला की अधिक स्पष्ट दिसतो, म्हणून प्रस्तुत लेखात तो तसा पाहिला आहे.

या जिल्ह्याने महाराष्ट्राला दोन गोष्टी मुबलक पुरवल्या: लिहिणारे आणि राबणारे. बाळशास्त्री जांभेकर जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या पोंभुर्ल्याचे, केशवसुत मालगुंडचे. लोकमान्य टिळक १८५६ साली रत्नागिरीतच जन्मले. त्यांचे वडील गंगाधरपंत शाळेत शिक्षक होते. इंग्रजी शाळेतून निघालेला मुलगा कचेरीत, शाळेत किंवा मुंबईच्या पेढीवर चिकटे. ज्याला शाळा लाभली नाही, तो बोटीने त्याच मुंबईला जाऊन गिरणीत साच्यावर उभा राही. गावातले घर दोघांच्याही मनिऑर्डरीवर चाले. साच्यावरचे काम मुलगा साच्यावरच शिके, सुताराचा मुलगा बापाच्या रंध्याशी बसून शिके, होडी बांधणाऱ्याचा खाडीच्या काठी. म्हणजे व्यवसायशिक्षण समाजात होतेच. ते जातीच्या आत होते आणि शाळेच्या बाहेर होते.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चरणात सरकारला या शिक्षणाची आठवण झाली. सुतारकाम-लोहारकामासारखे धंदे शिकवणारे एक 'स्कूल ऑफ इंडस्ट्री' खुद्द रत्नागिरीतही होते. पण हायस्कूल आणि ही उद्योगशाळा या एकाच गावातल्या दोन निराळ्या वाटा होत्या. १८८२ च्या हंटर आयोगाने तर ही विभागणी हायस्कुलातच आणावी असे सुचवले. वरच्या इयत्तांत एक शाखा विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेकडे नेणारी, दुसरी व्यापार आणि व्यवहारोपयोगी विषयांची. दुसऱ्या शाखेकडे देशभरच फार थोडी मुले वळली. त्याचे कारण सरळ होते. नोकरीचे दार मॅट्रिकच्या किल्लीने उघडे, आणि दुसऱ्या शाखेतून ती किल्ली मिळत नसे. पालकांना श्रमाची घृणा होती असे म्हणून हा प्रश्न निकालात काढणे अन्यायाचे होईल. त्यांनी आपल्या मुलांसाठी बाजारभाव नीट ओळखला होता, इतकेच.

याच आयोगापुढे महात्मा फुले यांनी १८८२ च्या ऑक्टोबरात आपले निवेदन सादर केले. त्यांचा भर प्राथमिक शिक्षणावर होता. मुलांना मोडी, बालबोध, हिशेब यांच्याबरोबर शेतीची आणि आरोग्याची मूलतत्त्वे शिकवावीत, शाळांना उद्योगधंद्यांचे वर्ग जोडावेत, म्हणजे शाळा सोडल्यावर मुलगा स्वतंत्रपणे पोट भरू शकेल, असे त्यांनी मांडले. आयोगाच्या योजनेत आणि फुल्यांच्या मागणीत वरवर साम्य दिसते, पण त्यांतले अंतर मोठे आहे. आयोग मुलांची दोन गटांत वाटणी करू पाहत होता. फुले एकाच मुलाच्या हाती पाटी आणि हत्यार दोन्ही देऊ पाहत होते. पुढच्या सगळ्या वादाचे बीज या फरकात आहे.

१९०६ नंतरच्या राष्ट्रीय शिक्षणाच्या चळवळीने हा धागा आपल्या परीने उचलला. बार्शीच्या १९०८ च्या व्याख्यानात टिळकांनी राष्ट्रीय शिक्षणाची जी अंगे सांगितली, त्यांत धार्मिक आणि राजकीय शिक्षणाबरोबर औद्योगिक शिक्षणही होते. 'ग्रंथमाला' आणि 'विश्ववृत्त' चालवणारे विष्णु गोविंद विजापूरकर यांचे समर्थ विद्यालय तळेगावी होते. १९१० साली सरकारने ते बंद पाडले. त्याच तळेगावात १९०८ साली अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून काच कारखाना उभा राहिला आणि तेथे शिकलेल्यांनी पुढे ठिकठिकाणी काचेचे कारखाने काढले. एकेक पैसा जमवून उभारलेली ही कार्यशाळाच होती. 'पैसा फंड' हे नाव आज रत्नागिरी जिल्ह्यात संगमेश्वरच्या एका हायस्कुलाला आहे. नावे टिकतात, त्यांमागच्या भट्ट्या विझतात.

या इतिहासातला मला सर्वांत बोलका वाटणारा प्रसंग शाळेतला नसून तुरुंगातला आहे. १९३२ साली कोकणचे गांधी म्हणून ओळखले जाणारे अप्पासाहेब पटवर्धन रत्नागिरीच्या तुरुंगात होते. त्यांनी भंगीकाम मागितले. ते नाकारले गेले, कारण तुरुंगातही हे काम ठरावीक जातींच्या कैद्यांकडेच दिले जाई. अप्पासाहेबांनी अन्न कमी केले, आणि येरवड्यात असलेल्या गांधीजींनी डिसेंबरमध्ये त्यांच्या पाठिंब्यासाठी उपवास आरंभला. एका पदवीधर ब्राह्मणाला झाडू हाती घेण्याची परवानगी मिळावी यासाठी देश हलवावा लागला. याच अप्पासाहेबांनी १९४८ साली कणकवलीस गोपुरी आश्रम स्थापून मृत जनावरांचे कातडे सोडवण्यापासून संडासाच्या सोयीस्कर रचनेपर्यंतची कामे शास्त्र म्हणून हाताळली. कोणते काम कोणत्या हाताचे, हे तुरुंगाच्या नियमात लिहिलेले होते. शाळेच्या नियमात ते लिहावेही लागत नव्हते.

गांधीजींनी ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यास जी शिक्षणयोजना मांडली, ती या अलिखित नियमावरचा सरळ आघात होती. हस्तोद्योग हा शाळेतला आणखी एक विषय न राहता सगळे विषय त्याच्या द्वारे शिकवावेत, हा तिचा गाभा. या योजनेचा विचार करण्यासाठी केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाने नेमलेल्या समित्यांचे अध्यक्ष होते मुंबई प्रांताचे पंतप्रधान बाळासाहेब खेर, आणि खेरांचा जन्मही रत्नागिरीचाच. मुंबई प्रांतात मूलोद्योगी शाळा निघाल्या. 'जीवन शिक्षण' हे शब्द जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांच्या फलकांवर आजही वाचायला मिळतात. पण बहुतेक ठिकाणी टकळीवरचे सूत आणि पाठ्यपुस्तकातला धडा यांची गाठ पडली नाही. सूतकताई हा एक तास उरला. त्यातही ही शाळा बव्हंशी खेड्याची राहिली. शहरातले हायस्कूल आपल्या मार्गाने मॅट्रिककडे जातच होते.

मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव. १९४२ च्या ऑक्टोबरात व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात त्यांनी अनुसूचित जातींसाठी विज्ञान आणि तंत्रशिक्षणाची मागणी केली; सरकारी छापखान्यांत, रेल्वेच्या कारखान्यांत त्यांच्या मुलांना उमेदवारी मिळावी असे म्हटले. ज्यांच्यावर श्रम पिढ्यान्‌पिढ्या लादले गेले, त्यांना श्रमाची प्रतिष्ठा ऐकवण्यात अर्थ नव्हता. त्यांना हवे होते यंत्राचे ज्ञान आणि त्यासोबत येणारा पगार. चरखा आणि छापखाना यांतला हा फरक लक्षात घेतल्याशिवाय हस्तशिक्षणावर बोलणाऱ्या कोणाचेही बोलणे पुरे होत नाही.

स्वातंत्र्यानंतरची कहाणी थोडक्यात सांगता येते. मुदलियार आयोगाने १९५३ साली बहुउद्देशीय शाळा सुचवल्या, कोठारी आयोगाने १९६६ साली कार्यानुभव. महाराष्ट्रात १९७५ साली दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली. पुढे समाजोपयोगी उत्पादक कार्य आले, अकरावी-बारावीसाठी किमान कौशल्याचे अभ्यासक्रम आले. कार्यानुभवाच्या तासाला कागदाची पाकिटे आणि पुठ्ठ्याची घरे करणाऱ्या पिढ्या या लेखाच्या वाचकांत असतीलच. अभ्यासात मागे पडलेल्याला तांत्रिक शाखेकडे पाठवायचे, हा संकेतही त्यांच्या परिचयाचा असेल. हंटरच्या दोन शाखा नावे बदलून जिवंत राहिल्या.

अपवाद नव्हते असे नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला काही वेळ वेल्डिंग, वायरिंग, शेती, अन्नप्रक्रिया अशी खरी कामे करावीत, गावाला त्यांतून सेवा द्यावी, आणि हे सर्वांनीच करावे, अशी त्यांची योजना होती. राज्याच्या परीक्षा मंडळाने तिला विषय म्हणून मान्यता दिली आणि ती इतर शाळांतही गेली. हुशार आणि मागासलेला अशी चाळणी आधी न लावणे, हे तिचे वैशिष्ट्य. फुल्यांच्या मागणीच्या जवळ जाणारा हा प्रयत्न आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावीपासून सर्व मुलांना व्यवसायाची ओळख आणि दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांसोबत काम सुचवले आहे. त्या दहा दिवसांत रत्नागिरीचा शिक्षक मुलांना कोठे नेईल? खाडीकाठी होडी बांधणाऱ्याकडे नेईल, आणि तो माणूस मुलांपुढे गुरुजी म्हणून उभा राहील की प्रेक्षणीय वस्तू म्हणून?

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी याची काळजी का करावी, असे कोणी विचारेल. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात बलुतेदारांचे जग बाहेरून, एका अधिकाऱ्याच्या नजरेने दिसते. तरी त्याची भाषा आपल्याला अजून ताजी वाटते, कारण तीत कामाचे शब्द आहेत. उलट, शंकरराव किर्लोस्करांनी १९२० साली 'किर्लोस्कर खबर' काढली ती नांगराच्या कारखान्याच्या आवारातून, आणि त्या घरगुती पत्रकाचे मराठीतले एक मोठे मासिक झाले. यंत्रशाळा आणि लेखनशाळा शेजारी असल्या तर काय होते, याचा हा पुरावा आहे. तंत्रशाळेतल्या मुलाला त्याच्या हत्याराचे मराठी नाव पुस्तकात भेटत नाही, आणि मराठीच्या तासाला बसलेल्याला ते नाव कोशात भेटले तरी वस्तू ओळखता येत नाही. दोघेही आपापल्या जागी अर्धे शिकलेले आहेत. कुसू एका शाळेत आणि साल दुसऱ्या शाळेत राहिले, तर जोड बसणार कसा?