हुंडीपासून कार्डापर्यंत

श्रोतेहो, परगावी निघालेल्या माणसाला घरातली आजी काय सांगायची, आठवतं ना? "पैसे एका ठिकाणी ठेवू नकोस रे बाबा. थोडे कनवटीला, थोडे आतल्या खिशात, थोडे पिशवीच्या तळाशी." सल्ला शहाणपणाचा खरा, पण त्याने चोराचे भय काही जात नसे. पैसा घरी ठेवावा आणि परमुलखात खर्चावा, असे जमेल काय? आज बँकेचे कार्ड हे जमवते. मात्र ही युक्ती आजची नव्हे.

मी बोरीवलीला राहतो. आमच्या पूर्वेच्या डोंगरात कान्हेरीची लेणी आहेत. तेथील शिलालेखांत कल्याण व सोपारा येथील लोकांची दाने कोरलेली आहेत. काही दाने 'अक्षयनीवी' म्हणून दिलेली. म्हणजे मुद्दलाला हात लावायचा नाही, उत्पन्नातून भिक्षूंची सोय करायची. नाशिकच्या लेण्यात तर उषवदाताने विणकरांच्या दोन श्रेणींकडे २,००० आणि १,००० कार्षापण ठेवल्याची नोंद आहे. आपला पैसा दुसऱ्याच्या हाती विश्वासाने द्यायचा आणि लेख साक्षीला ठेवायचा, ही रीत सुमारे १,९०० वर्षांची जुनी आहे.

याच विश्वासाला पुढे हुंडीने पाय दिले. पुण्याच्या सावकाराकडे रुपये भरायचे, त्याने काशीच्या पेढीवर चिठ्ठी लिहून द्यायची आणि यात्रेकरूने ती तिथे वटवायची. दाखवताच पैसे मिळाले तर ती दर्शनी हुंडी, ठरल्या मुदतीनंतर मिळाले तर मुदती. सावकार यासाठी जे घेई ती हुंडणावळ. चिठ्ठी हरवली तर दुसरी मिळे, तिला म्हणत पेठ; तीही हरवली तर परपेठ. रुपये जागचे हलत नसत, हले तो फक्त कागद. दोन्ही पेढ्यांचा हिशेब मागाहून मिटे.

जवळ रोकड बाळगण्यात काय धोका असतो, ते वरसईच्या विष्णुभट गोडशांना विचारावे! घरचे कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळवावी म्हणून ते १८५७ साली उत्तरेकडे गेले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. झांशी पडली तेव्हा त्यांच्याजवळचे पैसेही लुटीत गेले. १९०७ साली छापल्या गेलेल्या त्यांच्या 'माझा प्रवास'मध्ये हे सारे आहे. शिक्षकांनी ते मुलांना जरूर सांगावे.

समुद्रापलीकडच्या प्रवाशासाठी १८९१ साली अमेरिकन एक्सप्रेसने प्रवासी चेक काढला. घेताना एक सही, वटवताना दुसरी. दोन्ही जुळल्या की पैसे. पण आपल्याकडे अडचण निराळी होती. देशाजवळ परकीय चलनच थोडे. १९६० नंतर काही काळ तर प्रवाशाला अवघे ८ डॉलर नेता येत. २००० साली नवा परकीय चलन कायदा अमलात आला. २००४ साली रिझर्व्ह बँकेने माणशी वर्षाला २५,००० डॉलरची मुभा दिली आणि २०१५ साली ती २,५०,००० केली.

पैसे देणारे यंत्र लोकांसमोर आले ते २७ जून १९६७ रोजी, लंडनच्या एन्फील्ड भागात, बार्कलेज बँकेत. ते बनवून घेणारे जॉन शेफर्ड-बॅरन जन्मले होते आपल्या शिलाँगला! पत्नीला चारच आकडे लक्षात राहतात म्हणून गुप्त क्रमांक चार आकडी ठेवला, असे ते सांगत. मुंबईत असे यंत्र १९८७ साली आले.

आता पाहा, परदेशात कार्ड यंत्रात घातले की काय होते? यंत्र आपल्या बँकेला विचारते, "हा तुमचा माणूस का? खात्यात शिल्लक आहे का?" बँक होय म्हणते आणि नोटा बाहेर येतात. बँकांचा हिशेब मागाहून मिटतो. हुंडी सकारली गेली म्हणायची!

आणि नाकारलीही जाते, बरं का. दोन वर्षांपूर्वी लंडनमध्ये यंत्राने माझे कार्ड परत केले. खात्यात पैसे होते, पण खिशात संध्याकाळच्या जेवणापुरतेही नव्हते. सोबतच्या शिक्षकमित्राने वीस पौंड उसने दिले. चूक माझीच. २०२० पासून नवे कार्ड फक्त देशातल्या वापरासाठी चालू करून देतात. परदेशातला वापर आपण सांगून सुरू करायचा असतो. तेवढे मी विसरलो होतो.

म्हणून मुलामुलींकडे परदेशी निघालेल्या आईबापांना माझे सांगणे: ती सोय घरूनच चालू करून घ्या. हुंडणावळ आजही आहे. दर खेपेचे शुल्क आणि चलनबदलाचा आकार किती, ते आधी विचारा. यंत्राने "रुपयांत हिशेब करू का?" असे विचारले तर नको म्हणा, तिथल्याच चलनात घ्या, रुपयांतला दर बहुधा महाग पडतो. गुप्त क्रमांक कार्डावर लिहू नका. कार्ड हरवले तर ते बंद करण्यासाठी बँकेचा दूरध्वनी क्रमांक वेगळा टिपून ठेवा. आणि दुसरे कार्ड दुसऱ्या पिशवीत ठेवा. तीच तुमची पेठ समजा.

थोडी रोकड मात्र कनवटीला असू द्या. आजीचे म्हणणे अजून खोटे ठरलेले नाही.