व्हाइटफील्डचा धडा : अर्ज करणारे आणि निर्णय घेणारे

घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीवर बोलताना आपण बहुधा आयुक्त, महापौर, निधी आणि अनुदाने यांबद्दल बोलतो. वॉर्डातील राजकीय कार्यकर्ता त्या चर्चेत कुठेच नसतो. प्रशासनात तर 'कार्यकर्ता' हा शब्द थोड्या नाखुशीनेच उच्चारला जातो. तो कार्यालयात आला की काहीतरी भानगड घेऊनच आला असणार, असा आपल्याकडे समज आहे. वर्तणूक नियमांमुळे सरकारी सेवकाला पक्षीय बैठकांपासून दूर राहावे लागते, आणि ते योग्यच आहे. पण या दूर राहण्यातून एक अज्ञानही जन्माला येते. लोकशाहीची सर्वांत खालची पायरी नेमकी कशी चालते, हे अधिकाऱ्याला सेवेत असेपर्यंत फक्त टेबलाच्या एकाच बाजूने दिसते.

निवृत्तीनंतर बेंगळुरूच्या व्हाइटफील्ड भागात माझे वारंवार जाणे होते. पुणे, नागपूर, कोल्हापूर, बेळगाव येथून नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबे तिथे मोठ्या संख्येने राहतात. या उपनगराचा इतिहास तपासताना माझ्या लक्षात आले की, नागरिकांनी संघटित होऊन सरकारकडे काही मागावे आणि सरकारने ते ऐकून घ्यावे, ही प्रथा तिथे गावाच्या जन्मापासून आहे. निर्णयाचा अधिकार मात्र लोकांच्या हाती फार थोडा काळ राहिला. हा विषय केवळ बेंगळुरूचा नाही, म्हणून तो सविस्तर मांडतो.

संघटनेने वसविलेले गाव

१८३१ पासून पन्नास वर्षे म्हैसूर राज्याचा कारभार इंग्रजांच्या हाती होता. १८८१ साली तो दहावे चामराजेंद्र वडियार यांच्याकडे परत आला. त्यांचे पहिले दिवाण रंगाचार्लू यांनी त्याच वर्षी 'प्रजाप्रतिनिधी सभा' स्थापन केली. दसऱ्याच्या सुमारास भरलेल्या पहिल्या अधिवेशनाला १४४ सदस्य होते. संस्थानी हिंदुस्थानात ही गोष्ट अपूर्व होती. तथापि या सभेचे अधिकार पाहा. दिवाणांचे निवेदन ऐकावे, गाऱ्हाणी मांडावीत, सूचना कराव्यात. अंदाजपत्रक मंजूर किंवा नामंजूर करण्याचा अधिकार तिला नव्हता, कायदा करण्याचाही नव्हता. लोकांनी बोलावे आणि सरकारने ठरवावे, अशी ही स्वच्छ विभागणी होती.

याच काळात मद्रासमध्ये डी. एस. व्हाइट यांनी युरेशियन आणि अँग्लो-इंडियन समाजाची संघटना उभी केली होती. या समाजातील बेकारी आणि दारिद्र्य यांवर शेतीच्या वसाहती हा उपाय त्यांनी सुचविला. १८८२ च्या सुमारास म्हैसूरच्या महाराजांनी त्यासाठी सुमारे ३९०० एकर जमीन दिली, आणि त्यातून जी वसाहत उभी राहिली तिला व्हाइट यांचेच नाव पडले. आजही 'इनर सर्कल' या वर्तुळाकार भागात त्या मूळ आखणीची खूण दिसते. शेती फारशी पिकली नाही. तरुण मुले कोलारच्या सोन्याच्या खाणींकडे व अन्य नोकऱ्यांकडे वळली. स्वातंत्र्यानंतर अनेक कुटुंबे परदेशी गेली. गाव लहानच राहिले.

येथे मला पुण्याच्या सार्वजनिक सभेची आठवण होते. १८७० साली गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांच्या पुढाकाराने ती स्थापन झाली, तेव्हा प्रत्येक सभासदाने किमान ५० लोकांचे मुखत्यारपत्र आणावे असा नियम होता. सहा हजारांवर लोकांच्या सह्या घेऊन ९५ सभासद बसले. 'तुम्ही कोणाच्या वतीने बोलता?' हा प्रश्न इंग्रज अधिकारी विचारणार, हे त्या मंडळींनी आधीच ओळखले होते. निवडणूक नसतानाही त्यांनी प्रतिनिधित्वाचा पुरावा गोळा केला. व्हाइट यांची संघटना एका समाजासाठी, पुण्याची सभा सर्व रयतेसाठी. पण दोघींचेही साधन एकच होते, अर्ज.

नगरपालिका ही शाळा

मे १८८२ मध्ये लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव केला. कारभार कदाचित थोडा ढिला होईल, पण लोकांना राजकीय शिक्षण मिळेल, ही त्यामागील भूमिका होती. पुढच्या पिढीतील किती नेते या शाळेतून गेले, ते आपण विसरतो. गोपाळ कृष्ण गोखले पुणे नगरपालिकेचे अध्यक्ष होते, वल्लभभाई पटेल अहमदाबादचे, जवाहरलाल नेहरू अलाहाबादचे. त्यांच्याही आधी, १८७६ पासून काही वर्षे, महात्मा जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सदस्य होते. लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेने पैसा खर्च करू नये, अशी भूमिका त्यांनी घेतली. ते निवडून आलेले नव्हते, पण त्यांना सभागृहात जागा होती आणि मत होते. ठरावाच्या विरोधात मत देता येणे आणि नुसती नाराजी कळविणे यांत फार मोठे अंतर आहे.

व्हाइटफील्ड मात्र बेंगळुरूच्या पेठेतही नव्हते आणि छावणीतही नव्हते. १९४९ साली शहर व छावणी यांच्या नगरपालिका एकत्र होऊन महानगरपालिका झाली, तेव्हाही ते बाहेरच राहिले. १९९० च्या दशकात तिथे माहिती तंत्रज्ञानाचे मोठे संकुल आले, कंपन्या आल्या, पाठोपाठ गृहसंकुले आली. म्हणजे शहर आधी आले आणि महापालिका नंतर. प्रथम महादेवपुरा नगरपालिका झाली. २००७ साली सात नगरपालिका, एक लहान नगरपालिका आणि ११० गावे जुन्या महापालिकेला जोडून 'बृहत् बेंगळुरू महानगर पालिके'ची स्थापना झाली. क्षेत्र वाढले, पण निवडणूक झाली मार्च २०१० मध्ये. तोवर कारभार प्रशासकाकडे होता. २०१० आणि २०१५ या दोन निवडणुकांत १९८ वॉर्डांतून नगरसेवक निवडले गेले. दोन्ही वेळा मतदान निम्म्याहून कमी होते. २०१५ च्या सभागृहाची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर पुन्हा प्रशासक आला.

दोन प्रकारचे संघटन

या सुमारे दीड दशकात व्हाइटफील्डमध्ये दोन प्रवाह दिसतात. पहिला रहिवाशांच्या पक्षनिरपेक्ष संघटनांचा. २०१३ मध्ये सुरू झालेले 'व्हाइटफील्ड रायझिंग' हे त्याचे ठळक उदाहरण. कचऱ्याचे वर्गीकरण, पदपथ, तलाव, वाहतूक, मतदार नोंदणी अशी पुष्कळ कामे या स्वयंसेवकांनी केली. शहराचा कचरा पूर्वेकडील मंडूर गावात वर्षानुवर्षे टाकला जात होता. ग्रामस्थांच्या आंदोलनानंतर २०१४ च्या अखेरीस तो बंद झाला. त्यामुळे 'आपला कचरा कुठे जातो' हा प्रश्न या भागात पुस्तकी राहिला नव्हता.

दुसरा प्रवाह पक्षांच्या स्थानिक कार्यकर्त्यांचा. काँग्रेस, भाजप, जनता दल हे जुने पक्ष होतेच. लोकसत्ता, आम आदमी पक्ष यांसारख्या नव्या पक्षांमुळे संगणक क्षेत्रातील तरुणही या कामात आले. अशा एका बैठकीस मी श्रोता म्हणून बसलो होतो. पक्षाचे नाव सांगण्याचे कारण नाही, विषय कुठल्याही पक्षाचे असेच असतात. बोअरवेल आटली, टँकरचे दर वाढले, गटाराचे पाणी तलावात जाते, पावसात रस्ता बुडतो, मतदार यादीतून नावे गेली. माझे लक्ष गेले ते वेगळ्याच गोष्टीकडे. मूळ गावातल्या कार्यकर्त्यांना पाणी सोडणारा माणूस, विजेचा लाईनमन, कचरागाडीचा मुकादम नावानिशी ठाऊक होते. गृहसंकुलातील कार्यकर्त्यांना कायद्याची कलमे आणि निविदांचे आकडे ठाऊक होते. दोघे एकमेकांची भाषा शिकत होते, काही अंशी अक्षरशः. मराठी गृहस्थ मोडक्या कन्नडमध्ये बोलत होते आणि गावकरी त्यांना सांभाळून घेत होते. पण प्रत्येक विषय शेवटी एकाच प्रश्नावर येऊन थांबत होता : हे सांगायचे कोणाला? नगरसेवक नव्हता. अभियंता म्हणे वरून मंजुरी नाही. उरला आमदार.

पक्षनिरपेक्ष संघटना अधिक शुद्ध, असे सुशिक्षितांना वाटते. मला ते पूर्णपणे पटत नाही. रहिवासी संघाचे सभासदत्व फाटकाच्या आत संपते. त्याच संकुलात धुणीभांडी करणारी बाई ज्या वस्तीत राहते, तिथला नळ त्या संघाच्या कार्यक्रमपत्रिकेवर सहसा येत नाही. पक्षाच्या कार्यकर्त्याला तिच्या दारी जावेच लागते, कारण तिचेही एक मत आहे. यात स्वार्थ असेल, पण हा स्वार्थच त्याला सर्वांपर्यंत नेतो. मुंबईत २००७ साली जुहूच्या नागरिकांनी अॅडॉल्फ डिसूझा यांना आपला उमेदवार म्हणून निवडून आणले. तो प्रयोग महत्त्वाचा होता, कारण त्या नागरिकांनी अर्ज लिहिण्याऐवजी मत मागितले. तो शहरभर पसरला नाही, हेही खरे. सातत्याने मत मागायचे तर यंत्रणा लागते, आणि तिचेच नाव पक्ष.

पक्षांचे दोषही झाकू नयेत. ठेके, शिफारशी, आपल्या माणसाचा रस्ता आधी, हे सर्व आहे. परंतु त्यावरचा उपाय सभागृहात बसलेला विरोधी नगरसेवक हाच असतो. सभागृहच नसेल, तर ठेके थांबत नाहीत. फक्त प्रश्न विचारणारा नाहीसा होतो.

वॉर्ड समितीचे अर्धे दार

घटनेच्या कलम २४३-स प्रमाणे तीन लाख वा अधिक लोकसंख्येच्या नगरपालिका क्षेत्रात वॉर्ड समित्या बंधनकारक आहेत. कर्नाटकाने २०११ मध्ये कायदा दुरुस्त केला, नियम २०१६ मध्ये आले. कचऱ्याच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने रेटा दिल्यावर समित्या प्रत्यक्षात स्थापन झाल्या, आणि महिन्यातून एकदा त्यांची सभा भरू लागली. नगरसेवकांची मुदत संपल्यावर अध्यक्षपदी अधिकारी बसले. म्हणजे तक्रार ऐकणारा आणि ज्याच्याबद्दल तक्रार आहे तो, दोघे एकाच खात्याचे. १८८१ च्या प्रजाप्रतिनिधी सभेपेक्षा ही रचना फार पुढे गेली आहे, असे मला म्हणवत नाही.

या पोकळीत जे घडले ते शासनशास्त्राच्या विद्यार्थ्याने अभ्यासावे. २०२२ मध्ये महादेवपुरासह तीन मतदारसंघांत मतदारांची माहिती गैरमार्गाने गोळा झाल्याच्या आरोपांवरून निवडणूक आयोगाने अधिकाऱ्यांवर कारवाई केली आणि यादीची फेरतपासणी करविली. २०२५ मध्ये याच मतदारसंघाच्या यादीवरून काँग्रेसने राष्ट्रीय पातळीवर आरोप केले, आयोगाने ते फेटाळले. यात खरेखोटे ठरविणे माझे काम नाही. परंतु यादी हा घरोघर फिरून तपासण्याचा विषय आहे, आणि ते काम गल्ली ओळखणारा कार्यकर्ताच करू शकतो. वॉर्डाची निवडणूक वर्षानुवर्षे झाली नाही, तर त्याला गल्लीत फिरण्याचे कारणच उरत नाही.

कामे मात्र होत राहिली, हे मान्य केले पाहिजे. २०२३ च्या मार्चमध्ये मेट्रो व्हाइटफील्डला पोहोचली. ऑक्टोबर २०२४ मध्ये कावेरी पाणी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला. ती ७७५ दशलक्ष लिटर प्रतिदिन क्षमतेची योजना २००७ मध्ये जोडलेल्या ११० गावांसाठी होती. सतरा वर्षांनी पाणी आले. सप्टेंबर २०२५ मध्ये बृहत् पालिकेच्या जागी पाच महानगरपालिका झाल्या, व्हाइटफील्ड पूर्व महानगरपालिकेत गेले, आणि त्यांच्यावरच्या प्राधिकरणाचे अध्यक्षपद कायद्याने मुख्यमंत्र्यांकडे दिले. सीमा बदलल्या. अधिकार खाली किती उतरला, याचे उत्तर वॉर्डातच शोधावे लागेल.

आपल्यासाठी काय?

महाराष्ट्राने बेंगळुरूकडे बोट दाखवू नये. मुंबई आणि पुण्यातही मार्च २०२२ पासून साडेतीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचा कारभार होता. क्षेत्रसभेचा कायदा आपण २००९ मध्येच केला, पण तो कागदावर राहिला. कलम २४३-यू मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घेण्यास सांगते, आणि किशनसिंग तोमर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ते स्पष्ट केले. तरी प्रभागरचना आणि आरक्षण यांची कारणे दर वेळी पुरतात.

माझ्या अल्पमतीप्रमाणे तीन गोष्टी तातडीने व्हाव्यात. प्रभागरचनेचे काम मुदत संपण्याच्या किमान एक वर्ष आधी पूर्ण करण्याचे बंधन राज्य निवडणूक आयोगाच्या अधिकारासह कायद्यात यावे. वॉर्ड समितीला निश्चित निधी आणि त्यावर मत देण्याचा हक्क मिळावा. आणि समितीच्या प्रत्येक सभेचे कार्यवृत्त, मागील ठरावांचे काय झाले या नोंदीसह, ठरलेल्या दिवसात प्रसिद्ध व्हावे. तिसरी गोष्ट तर कुठलाही आयुक्त उद्यापासून स्वतःच्या सहीने करू शकतो.

तरुण अधिकाऱ्यांना एवढेच सांगेन की, वॉर्डातला कार्यकर्ता गाऱ्हाणे घेऊन आला तर त्याला बसायला खुर्ची द्या. तो चुकीचे काम सांगेल तर नाही म्हणा, आणि कारण लेखी द्या. प्रशासकाच्या राजवटीत फायली कदाचित वेगाने हलतात. पण त्या फायलींवर लोकांच्या वतीने 'नाही' म्हणणारे कोणी नसते, आणि फुल्यांच्या पुण्यात निदान तेवढी सोय होती.