अंबरीष (नाव)

अंबरीष (लेखनभेद: अंबरीश, अंब्रिश, जुन्या मराठीत व लोकपरंपरेत अंबऋषी) हे संस्कृत वाङ्मयातून आलेले पुरुषवाचक नाव आहे. वैदिक ऋषी, सूर्यवंशातील एकाहून अधिक राजे आणि भागवत पुराणातील विष्णुभक्त राजर्षी यांनी हे नाव धारण केलेले आढळते. महाराष्ट्रात ते सर्वांना ऐकून माहीत आहे, पण मुलांना क्वचितच ठेवले जाते. जालना जिल्ह्यातील अंबड या तालुक्याच्या गावाचे नाव याच राजावरून पडले, अशी स्थानिक परंपरा आहे.

अर्थ आणि व्युत्पत्ती

मुलांच्या नावांच्या पुस्तकांत या नावाचा अर्थ बहुधा ‘आकाशाचा स्वामी’ असा दिलेला असतो. अंबर म्हणजे आकाश आणि ईश म्हणजे स्वामी, अशी त्याची फोड केली जाते. ही फोड व्याकरणाला धरून नाही. संस्कृत संधिनियमानुसार अकारापुढे ईकार आल्यास दोहोंचा एकार होतो. म्हणून सुर आणि ईश मिळून सुरेश, महा आणि ईश मिळून महेश होतो. त्याच न्यायाने अंबर आणि ईश मिळून ‘अंबरेश’ व्हायला हवे, ‘अंबरीश’ नव्हे. गिरीश, हरीश, सतीश या नावांत ईकार टिकतो, कारण त्यांतील पहिले पद इकारान्त किंवा ईकारान्त आहे. या परिचित नावांच्या ओळीत बसवल्यामुळे आणि मराठी उच्चारात श व ष यांतील भेद जवळजवळ नाहीसा झाल्यामुळे ‘अंबरीश’ हे लेखन रूढ झाले असावे. मूळ ग्रंथांतील रूप मूर्धन्य षकारान्त, म्हणजे ‘अंबरीष’ असे आहे.

संस्कृत कोशांत अंबरीष या शब्दाचा पहिला अर्थ धान्य भाजण्याचे भांडे किंवा कढई असा मिळतो. पौराणिक नाव हौसेने शोधणाऱ्या पालकांना तो काहीसा अनपेक्षित वाटतो. तथापि या अर्थात हीनपणा नाही. कृष्ण यजुर्वेदाच्या तैत्तिरीय संहितेत, अन्नाची इच्छा करणाऱ्या यजमानासाठी अंबरीषातील अग्नी घ्यावा असे विधान आहे, कारण अन्न तेथेच सिद्ध होते. म्हणजे वैदिक कर्मकांडात हा शब्द अन्नसमृद्धीशी जोडलेला होता. कोशकारांनी याखेरीज सूर्य, आकाश, युद्ध, पश्चात्ताप, एक नरक, शिंगरू, तसेच विष्णू आणि शिव असेही अर्थ नोंदवले आहेत. आम्रातक, म्हणजे मराठीत ज्याला अंबाडा म्हणतात तो वृक्ष, हाही त्यांतील एक अर्थ आहे. ‘आकाश’ हा अर्थ कोशांत असल्याने नावाचा आकाशाशी संबंध अगदीच निराधार ठरत नाही. ‘आकाशाचा स्वामी’ ही फोड मात्र निराधार आहे.

वाङ्मयातील अंबरीष

या नावाची सर्वांत जुनी व्यक्ती ऋग्वेदात आहे. पहिल्या मंडलातील शंभराव्या सूक्ताच्या ऋषींमध्ये वृषागिराचे पुत्र ऋज्राश्व, अंबरीष, सहदेव, भयमान आणि सुराधस् यांची नावे येतात. नवव्या मंडलातील अठ्ठ्याण्णवावे सूक्तही अंबरीष वार्षागिराकडे दिलेले आहे.

वाल्मीकि रामायणाच्या बालकांडात अंबरीष हा अयोध्येचा राजा आहे. त्याच्या यज्ञातील पशू इंद्राने पळवल्यामुळे तो बदली बळीच्या शोधात निघतो आणि ऋचीकाचा मधला मुलगा शुनःशेप याला विकत घेतो; पुढे विश्वामित्र त्या मुलाचे प्राण वाचवतात. भक्तश्रेष्ठाच्या प्रतिमेशी हा प्रसंग मुळीच जुळत नाही, आणि म्हणूनच या दोन्ही अंबरीषांना एकच व्यक्ती मानण्याची घाई करू नये. त्याच कांडातील इक्ष्वाकुवंशाच्या वंशावळीत प्रशुश्रुकाचा पुत्र आणि नहुषाचा पिता असा आणखी एक उल्लेख आहे. पुराणांत मांधात्याच्या पुत्रांपैकी एकाचेही हेच नाव असून हारीत गोत्राच्या प्रवरात आंगिरस, अंबरीष, यौवनाश्व अशी नावे घेतली जातात. म्हणजे ज्या घरांत मुलाचे नाव अंबरीष ठेवण्याचा विचारही झालेला नाही, अशा काही घरांत संध्या-विवाहादी प्रसंगी ते पिढ्यान्‌पिढ्या उच्चारले गेले आहे.

महाभारतात नाभागपुत्र अंबरीषाची गणना सोळा थोर राजांच्या आख्यानात होते. शांतिपर्वात त्याचा इंद्राशी संवाद असून त्यात युद्धाला यज्ञाची उपमा दिली आहे.

लोकांच्या मनात ठसलेला अंबरीष मात्र भागवताच्या नवव्या स्कंधातला आहे. वैवस्वत मनूच्या कुळातील नाभागाचा हा पुत्र वर्षभर द्वादशीव्रत करतो. व्रताच्या सांगतेला दुर्वास ऋषी अतिथी म्हणून येतात आणि यमुनेवर स्नानास जातात. पारण्याची द्वादशी सरत आलेली. पारणे टाळावे तर व्रतभंग, आणि अतिथीआधी जेवावे तर अतिथीचा अवमान. ब्राह्मणांच्या सल्ल्याने राजा केवळ पाणी पितो, कारण जलप्राशन हे भोजन आहेही आणि नाहीही. हे कळताच दुर्वास संतापून जटेतून कृत्या निर्माण करतात. सुदर्शन चक्र तिला जाळते आणि ऋषींच्या मागे लागते. ब्रह्मदेव आणि शंकर दोघेही असमर्थता सांगतात. विष्णूही आपण भक्ताधीन असल्याचे सांगून त्यांना राजाकडेच परत पाठवतात. अंबरीषाने चक्राची प्रार्थना केल्यावर ते शांत होते. यात एक वर्ष उलटलेले असते आणि तेवढा काळ राजा पाण्यावर राहून अतिथीची वाट पाहत असतो. ज्याने जीव घ्यायचा प्रयत्न केला त्याला जेवू घातल्याशिवाय न जेवणारा यजमान, हा या कथेचा गाभा आहे.

मराठी परंपरेतील अंबऋषी

मराठी भक्तिपरंपरेने या कथेला वेगळे वळण दिले. येथे दुर्वासांच्या शापाने राजाच्या वाट्याला अनेक जन्मांचा गर्भवास येतो आणि भक्तासाठी तो देव स्वतःकडे घेतो. तेच विष्णूचे दहा अवतार होत. भागवतात हा भाग नाही. महाराष्ट्रात घरोघरी म्हटल्या जाणाऱ्या दशावतारांच्या आरतीच्या पहिल्या कडव्याचा आरंभ अंबऋषीच्या उल्लेखानेच होतो आणि मग मत्स्यापासून अवतारांचे वर्णन येते. गणेशोत्सवात ती आरती तोंडपाठ म्हणणाऱ्या अनेकांना हा अंबऋषी म्हणजे भागवतातील अंबरीष, हे ठाऊक नसते. ‘ऋषी’ हे पद जोडले गेल्याने तो राजा नसून मुनी असल्याचा समज सहज होतो. अद्भुत रामायणातही विष्णूच्या मानवी जन्माचे कारण अंबरीषाशी निगडित आहे. तेथे राजकन्या श्रीमतीच्या स्वयंवरात फसलेले नारद आणि पर्वत हे विष्णूला शाप देतात.

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथील भगवंत मंदिराची आख्यायिकाही हीच आहे. अंबरीषाच्या रक्षणासाठी विष्णू येथे प्रकटले, अशी श्रद्धा असून गावाचे नाव बारस, म्हणजे द्वादशी, यावरून आल्याचे सांगितले जाते.

अंबड आणि अंबरीष

अंबड हे जालन्याच्या दक्षिणेस वसलेले गाव पूर्वी औरंगाबाद जिल्ह्यात होते. 1 मे 1981 रोजी जालना जिल्हा स्थापन झाल्यावर ते त्यात आले. स्थानिक परंपरेनुसार अंबऋषी नावाच्या राजाने हे गाव वसवले. राज्यकारभाराला कंटाळून तो येथील टेकडीवरील गुहेत राहू लागला आणि त्याच्या वास्तव्याच्या जागी पुढे देवीचे मंदिर झाले. टेकडीचा आकार माशासारखा असल्याने देवीला मत्स्योदरी म्हणतात. नवरात्रात येथे मोठी यात्रा भरते.

या कथेतील विरक्त राजा आणि भागवतातील गृहस्थ राजर्षी यांच्यात नाव सोडल्यास साम्य थोडे आहे. शिवाय नाशिकजवळही अंबड नावाचे गाव आहे, त्यामुळे ग्रामनामाचे मूळ एखाद्या सामान्य शब्दात, आंबा किंवा अंबाडा यांसारख्या वृक्षनामात असण्याची शक्यताही विचारात घ्यावी लागते. तरीही गावाची ओळख म्हणून अंबऋषीची कथा टिकून आहे, आणि परिसरातील माणसाला हे नाव पोथीतले न वाटता गावातले वाटते.

नावाचा प्रसार

‘अ’ने सुरू होणाऱ्या नावांना मराठी कुटुंबांत नेहमीच मागणी असते. अवकहडा चक्रात कृत्तिका नक्षत्राच्या पहिल्या चरणाचे अक्षर ‘अ’ असल्याने त्या चरणावर, म्हणजे मेष राशीत, जन्मलेल्या मुलासाठी बारशाच्या वेळी हे नाव सुचवले जाते. पण अमेय, अथर्व, अद्वैत यांच्यापुढे ते मागे पडते. नावाचे लेखन दर ठिकाणी वेगळे होते, शाळेच्या दाखल्यावर श आणि ष यांची अदलाबदल होते, आणि हाक मारताना त्याचे ‘अंबू’ होते.

सार्वजनिक जीवनात हे नाव धारण करणाऱ्यांत मराठी लेखक व पत्रकार अंबरीश मिश्र यांचा समावेश होतो. अहेरी (गडचिरोली जिल्हा) येथून 2014 मध्ये विधानसभेवर निवडून आलेले अंब्रिशराव आत्राम हे राज्यमंत्री होते. कन्नड अभिनेते व राजकारणी अंबरीश (1952–2018) यांचे मूळ नाव अमरनाथ. ‘नागरहावु’ (1972) या चित्रपटापासून ते पडद्यावरील नावाने ओळखले जाऊ लागले. हेन्री फोर्ड यांचे पणतू आल्फ्रेड फोर्ड यांनी इस्कॉनची दीक्षा घेतल्यावर अंबरीष दास हे नाव स्वीकारले. उत्तर भारतात आढळणारे ‘अमरीश’ हे रूप याच नावाचा लोकोच्चार मानले जाते. अभिनेते अमरीश पुरी यांच्यामुळे ते मूळ नावापेक्षा अधिक परिचित झाले.