जळजळीचे माप

श्रोतेहो, आर्णीकडे कपाशी वेचायला वाकले की आंबट पाणी घशाशी येते. माणूस म्हणतो, “पित्त झालं,” नि दुखणे अंगावर काढतो. हा त्रास मोजावा कसा?

हजार वर्षांहून जुन्या ‘माधवनिदान’ ग्रंथात अम्लपित्ताची लक्षणे दिली आहेत: अपचन, थकवा, कडू-आंबट ढेकर, छातीत व घशात जळजळ, जेवणावरची वासना उडणे. यातली बहुतेक रोग्यानेच सांगायची. पुढे यंत्रे आली. १९७४ साली अमेरिकेत जॉन्सन व डीमीस्टर यांनी अन्ननलिकेतले आम्ल सलग चोवीस तास मोजण्याची पद्धत बसवली. आम्ल किती, ते कळले. पण त्यापायी रोग्याचे दिवस कसे जातात, ते यंत्र काय सांगणार? म्हणून १९९६ साली तिथल्याच वेलानोविच या शल्यवैद्याने सहकाऱ्यांसह एक प्रश्नावली केली. आडवे झाल्यावर जळजळते का? झोपमोड होते का? आहार बदलावा लागला का? उत्तराला शून्य ते पाच गुण; गुण जास्त, तितके हाल जास्त.

आपल्या भागात आणखी एक विचारावे: वेचणीचे किती दिवस बुडाले? गुरुजनहो, गावकऱ्यांना हे टिपून ठेवायला सांगा आणि तो कागद डॉक्टरांना दाखवू द्या. घास अडकत असेल, वजन घटत असेल, तर मात्र गुण मोजत बसू नये. तडक दवाखाना गाठावा.